घरचा राऊटर बदलणे : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५ : तक्रार आणि तपासणीची मांडणी

जोडणी फायबरची, प्लॅन ३०० एमबीपीएसचा. भिंतीवर सेवादात्याचे ओएनटी (फायबरमधला प्रकाश लॅन केबलच्या सिग्नलमध्ये बदलणारी पेटी), तिथून लॅन केबलने जुना ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्हींवर वायफाय देणारा) राऊटर. पीपीपीओई लॉगिन (सेवादात्याकडे नाव-पासवर्ड देऊन जोडणी सुरू करणे) राऊटर करतो. तक्रार नेहमीचीच: नेट मध्येच जाते, राऊटर बंद-चालू केला की येते, आणि वेग कधी पुरा मिळत नाही. अशा वेळी नवा राऊटर घ्या हा सल्ला फुकट मिळतो. तो बरोबर असेलही, पण लाइन, ओएनटी, केबल, ॲडॉप्टर यांपैकी कोणाचेही पाप राऊटरच्या माथी मारले जाते. दोषी कोण हे ठरल्याशिवाय खरेदी नाही.

मांडणी साधी. एक लॅपटॉप राऊटरला केबलने जोडला, दुसरा वायफायवर ठेवला. केबलवाल्या लॅपटॉपवरून तीन पिंग (समोरून उत्तर येते का, किती वेळात, हे पाहणारे छोटे पॅकेट) एकाच वेळी सुरू: राऊटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१, ट्रेसराऊटमध्ये (पॅकेट कुठून कुठून जाते ते दाखवणारी आज्ञा) दुसऱ्या क्रमांकावर दिसणारा सेवादात्याचा गेटवे, म्हणजे त्याच्या बाजूचे पहिले उपकरण, आणि बाहेरचा एक कायम जागा असलेला पत्ता. वायफायवाल्याकडून फक्त राऊटरला पिंग. चारही वेळेच्या शिक्क्यासह फायलीत जातील असे लावले.

निकाल वाचायचा असा. केबलवरून राऊटरच उत्तर देत नसेल तर राऊटर हँग झाला किंवा रीस्टार्ट झाला. राऊटर उत्तर देतो पण गेटवे देत नाही, तर लाइन, ओएनटी किंवा पीपीपीओई. गेटवेपर्यंत सगळे ठीक आणि बाहेरचे तुटते, तर घरात काही करण्यासारखे नाही. केबलवर सगळे ठीक आणि फक्त वायफायवर तुटते, तर रेडिओ, चॅनेल किंवा जागा.

७ जानेवारी : पिंगचा निकाल

तुटण्याचे दोन वेगळे प्रकार निघाले. पहिल्यात केबलवरचा राऊटरसुद्धा मिनिट-दीड मिनिट गप्प आणि नंतर ॲडमिन पानावरचा अपटाइम (चालू झाल्यापासूनचा वेळ) शून्यापासून सुरू. म्हणजे राऊटर स्वतःहून रीस्टार्ट होतो. दुसऱ्यात अपटाइम शाबूत, केबल शाबूत, फक्त २.४ गिगाहर्ट्झवरची उपकरणे लटकतात.

ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी (शून्याच्या जितकी जवळ तितकी जोरदार) −२१ डीबीएम. नेहमीच्या बी प्लस वर्गातल्या जीपॉन (घरोघरी फायबर पोहोचवण्याची पद्धत) ओएनटीला −८ ते −२७ या पट्ट्यात चालते. −२५ च्या खाली गेली असती तर आधी कनेक्टर साफ करून घ्यायला आणि फायबरची वळणे पाहायला सेवादात्याला बोलावले असते. इथे लाइन निर्दोष.

८ जानेवारी : ॲडॉप्टर

स्वतःहून रीस्टार्ट म्हटले की पहिला संशय ॲडॉप्टरवर. यावर लिहिलेले आउटपुट १२ व्होल्ट, १ अँपिअर. नुसते मोजले तर १२.२ व्होल्ट, म्हणजे दिसायला तंदुरुस्त. पण रिकाम्या ॲडॉप्टरच्या मोजणीला अर्थ नाही. लोड असताना मोजायचे. बॅरल जॅकच्या दोन्ही तारांना समांतर प्रोब लावले आणि वायफायवर मोठी फाइल उतरवायला घेतली: १०.७ पर्यंत घसरण. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे क्षणिक घसरण याहून खोल असणार.

कारण आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. उष्णतेने त्यांच्यातला द्रव सुकत जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. बंद कपाटात कोंबलेल्या राऊटरचे ॲडॉप्टर लवकर जातात ते यामुळे.

बदली ॲडॉप्टर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लावला. व्होल्टेज तंतोतंत तेच हवे. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. प्लगचा बाहेरचा व्यास बहुधा ५.५ मिलिमीटर, पण आतला २.१ आणि २.५ असे दोन असतात. २.५ चा प्लग २.१ च्या पिनवर बसल्यासारखा वाटतो आणि सैल राहतो. मग धक्का लागला की रीस्टार्ट, आणि दोष पुन्हा राऊटरला. पोलॅरिटीचे चिन्ह दोन्हीकडे जुळवून पाहिले.

१२ जानेवारी : रीस्टार्ट थांबले, तरी राऊटर बदलायचा

ॲडॉप्टर बदलल्यापासून अपटाइम अखंड. तक्रार एवढीच असती तर प्रकल्प इथेच संपला असता, आणि पुष्कळ घरांत तो इथेच संपायला हवा.

उरला वेगाचा प्रश्न. केबलवर ९४ एमबीपीएस, वर जातच नाही. हा आकडा ओळखीचा आहे: १०० एमबीपीएसच्या पोर्टवर हेडर वगैरे वजा जाता एवढेच उरते. दोन शक्यता. एक म्हणजे केबलमधली जोडी तुटलेली. १०० साठी १, २, ३, ६ या चारच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार क्रिंपिंगमध्ये नीट बसली नाही तर जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते, कुठे चूक म्हणून दिसत नाही. म्हणून आधी केबल बदलून पाहिली. फरक नाही. लॅपटॉप थेट ओएनटीला लावून त्यावरच पीपीपीओई लॉगिन केले, तेव्हा २९० च्या पुढे. म्हणजे राऊटरचे पोर्टच १०० चे.

गंमत अशी की याच राऊटरच्या खोक्यावर १२०० असा मोठा आकडा आहे. शेजारी बसून ५ गिगाहर्ट्झचे वायफाय हवेत ४०० देऊ शकते, पण बाहेरून येणारी वाटच ९४ ची. असे राऊटर अजूनही विकले जातात.

दुसरे, वजनदार कारण: या मॉडेलचे शेवटचे फर्मवेअर (राऊटरच्या आतले सॉफ्टवेअर) काही वर्षांपूर्वीचे, आणि उत्पादकाने पाठिंबा संपल्याचे जाहीर केलेले. घरातली सगळी उपकरणे ज्याच्या पाठीमागे बसतात त्या दाराला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसतील तर ते चालते-बोलते असले तरी निवृत्त करायचे. २०१८ मध्ये उघड झालेल्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने पाच लाखांवर राऊटर आणि नेटवर्क स्टोरेजची उपकरणे पकडली होती, ती बहुतेक जुन्या, आधीच माहीत असलेल्या भोकांतून.

निर्णय: बदली.

१४ जानेवारी : खोक्यावरचे आकडे

नवा राऊटर निवडताना सगळ्यात आधी दुर्लक्ष करायचे ते खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे. तो सगळ्या बँडच्या सैद्धांतिक वेगांची बेरीज असते. एएक्स ३००० म्हणजे २.४ वर ५७४ आणि ५ वर २४०२. एएक्स १८०० म्हणजे ५७४ अधिक १२०१. एकच फोन दोन्ही बँडची बेरीज वापरत नाही. शिवाय २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर, दोन स्ट्रीमने (एकाच वेळी चालणारे डेटाचे प्रवाह), आणि समोरचे उपकरणही तसेच असेल तर. घरातले बहुतेक फोन ८० मेगाहर्ट्झवर दोन स्ट्रीमचे, म्हणजे १२०१. त्यातला हवेत प्रत्यक्ष हाती येतो तो साधारण अर्धा ते साठ टक्के, तोही एकाच खोलीत.

अँटेनांची संख्याही अशीच. चार काड्या दिसल्या म्हणून चार स्ट्रीम असतातच असे नाही, दोन २.४ साठी आणि दोन ५ साठी ही सर्रास मांडणी आहे. तपशीलात दोन बाय दोन की चार बाय चार हे लिहिलेले असते, ते वाचायचे.

पिढी: वायफाय ६ पुरे. प्रमाणपत्र २०१९ पासून मिळते, चिपसेट मुरलेले आहेत, फर्मवेअर स्थिर आहेत. वायफाय ७ चे प्रमाणपत्र जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, पण ३०० च्या जोडणीला आणि घरातल्या सध्याच्या उपकरणांना त्याचा उपयोग नाही. भरवसा हवा असेल तर पहिल्या वर्षाचे फर्मवेअर दुसऱ्यांना तपासू द्यावे.

पोर्ट: वॅन (बाहेरच्या लाइनचे) आणि सगळे लॅन (घरातल्या उपकरणांचे) गिगाबिट, ही अट न वाटाघाटीची. काही मॉडेलांत वॅन गिगाबिट आणि लॅन १०० असाही घोटाळा असतो. २.५ गिगाबिटचे वॅन पोर्ट मिळाले तर ठीक, त्यासाठी अडायचे नाही.

यूएसबी पोर्ट नको असे नाही, पण हार्ड डिस्क लावणार असाल तर जपून: यूएसबी ३ च्या केबलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये उतरतो आणि जवळच्या वायरलेस माऊसपासून वायफायपर्यंत सगळ्यांना त्रास देतो.

१७ जानेवारी : प्रोसेसर, मेमरी आणि रांग

वेगचाचणीत ३०० दिसले तरी कोणी मोठी फाइल वर चढवायला घेतली की व्हिडिओ कॉल अडखळतो. दोष वेगाचा नसून रांगेचा. ओएनटी किंवा राऊटरच्या बफरमध्ये पॅकेट साचतात आणि कॉलचे छोटे पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला जाऊन उभे राहते. मोजायला सोपे: रिकाम्या लाइनवर पिंग, मग अपलोड सुरू असताना पिंग. इथे रिकामे ६ मिलिसेकंद, अपलोडमध्ये १८० च्या आसपास.

इलाज म्हणजे एसक्यूएम (पॅकेटांची रांग आटोक्यात ठेवणारी सोय), त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग-पद्धत. पण हे काम प्रोसेसरवर येते. राऊटर एरवी पॅकेट हार्डवेअर ऑफलोडने (चिपमधल्या वेगळ्या यंत्रणेने) पुढे ढकलतो, प्रोसेसरला हातही लावत नाही. एसक्यूएम लावले की ऑफलोड बंद करावे लागते, आणि जो राऊटर ऑफलोडवर ९०० देतो तोच प्रोसेसरवर २०० ला दमतो. मीडियाटेकचा एमटी७६२१, ८८० मेगाहर्ट्झ आणि दोन कोअर, हा वर्षानुवर्षे चांगला चालला, पण ३०० वर केक त्याला जड जाते. एआरएम कॉर्टेक्स ए५३ चे दोन कोअर, १.३ गिगाहर्ट्झ, असलेला फिलॉजिक ८२० या कामाला पुरून उरतो.

मेमरी: रॅम २५६ एमबी, फ्लॅश १२८ एमबी ही अपेक्षा. ओपनडब्ल्यूआरटीने (राऊटरसाठीचे मुक्त, पर्यायी फर्मवेअर) ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राऊटरांना १९.०७ नंतर सोडूनच दिले. कमी रॅममध्ये जोडण्यांची नोंदवही भरते आणि टोरंटसारखा शेकडो जोडण्या उघडणारा प्रोग्रॅम राऊटर हँग करतो.

१८ जानेवारी : आवृत्तीचा सापळा

एकाच मॉडेलच्या नावाखाली व्ही १, व्ही २, व्ही ३ असे निराळे राऊटर विकले जातात. बाहेरचे प्लॅस्टिक तेच, आत चिपसेट वेगळा, फ्लॅश निम्मा, कधी पोर्टही वेगळे. दोन वर्षांपूर्वीचे कौतुक व्ही १ चे असते आणि हातात येतो व्ही ४. आवृत्ती खालच्या लेबलवर अनुक्रमांकाजवळ छापलेली असते. म्हणून विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी त्या आवृत्तीच्या नावाने पाहायच्या: उत्पादकाच्या पानावरील शेवटच्या फर्मवेअरची तारीख, त्याआधीच्या दोन फर्मवेअरमधले अंतर, आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या उपकरण-यादीत ती नेमकी आवृत्ती आहे का. तिसरी गोष्ट आज ओपनडब्ल्यूआरटी टाकायचे नसले तरी महत्त्वाची. उत्पादकाने हात वर केले की तोच पुढचा आधार.

सहा महिन्यांहून जास्त काळ फर्मवेअरच आलेले नाही असे मॉडेल बाजूला ठेवायचे. बदलनोंदीत नुसते "स्थैर्य सुधारले" एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा दुरुस्त केलेल्या भोकांचे क्रमांक देणारा उत्पादक बरा.

२० जानेवारी : एक राऊटर की मेश

घरात फिरून फोनवर सिग्नल मोजला, जुन्या राऊटरच्या ५ गिगाहर्ट्झवर. बैठकीत −४५ डीबीएम, मधल्या खोलीत −५८, टोकाच्या खोलीत −७४. कॉलसाठी −६७ किंवा त्याहून बरा लागतो. −७५ च्या पुढे जोडणी दिसते पण चालत नाही. टोकाची खोली दोन भिंतींपलीकडे, मध्ये लोखंडी कपाट.

आधी जागा. राऊटर टीव्हीमागून काढून मधल्या दाराजवळ, दीड मीटर उंचीवर टेकवला: टोकाला −६६. म्हणजे लांब लॅन केबल एवढाच खर्च आणि मेशची (एक मुख्य राऊटर आणि त्याला जोडलेले सॅटेलाइट नावाचे उपराऊटर) गरज संपली. घर मोठे असते तर मेश घेतला असता, पण सॅटेलाइट लॅन केबलने जोडूनच. ड्युअल बँड मेशमध्ये सॅटेलाइट त्याच रेडिओवरून मुख्य राऊटरशी बोलतो आणि त्याच रेडिओवरून फोनशी, त्यामुळे वेग सरळ निम्म्यावर येतो. स्वस्त रिपीटरचेही तेच.

२३ जानेवारी : चाळणी

क: वायफाय ६, १८०० वर्ग, गिगाबिट पोर्ट, १२८ एमबी रॅम, फर्मवेअर नियमित. ख: ३००० वर्ग, दोन कोअर १.३ गिगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम, ओपनडब्ल्यूआरटीची यादी जुळते. ग: आठ अँटेना, रंगीत दिवे, आत छोटा पंखा. घ: तीन नगांचा मेश, ॲपशिवाय आणि उत्पादकाच्या खात्यात लॉगिन केल्याशिवाय सेटिंग उघडतच नाही.

ग पंख्यामुळे बाद. चोवीस तास फिरणारा छोटा पंखा धूळ खातो आणि राऊटरच्या आधी मरतो. घ ला गरजच उरली नाही, आणि नेट बंद असताना स्वतःच्याच राऊटरची सेटिंग उघडता येऊ नयेत हे पटणारे नाही. क चालला असता, एसक्यूएम नको असते तर. ख घेतला.

२७ जानेवारी : टेबलावर

लेबलवरची आवृत्ती जुळली. लाइनला लावण्यापूर्वी फर्मवेअर आधीच उतरवून ठेवले होते, ते फाइलवरून चढवले, चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवून. मग फॅक्टरी रीसेट, कारण जुन्या फर्मवेअरची सेटिंग नव्यात तशीच राहिली की विचित्र दोष येतात. दोन लॅपटॉप लॅनला जोडून आयपर्फ ३ (दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्रॅम): ९४०. वायफायवर एकाच खोलीत ८० मेगाहर्ट्झला ६५० ते ७००. रात्रभर आयपर्फ चालू ठेवला. खालचा भाग कोमट, हाताला चटका नाही, अपटाइम अखंड. जो राऊटर पहिल्याच रात्री लटकतो तो परतीची मुदत आहे तोवरच परत करायचा. सुधारेल म्हणून वाट पाहायची नाही.

२८ जानेवारी : बदलाबदली

जुन्या राऊटरमधून टिपून घेतलेले: पीपीपीओईचे नाव, व्हीलॅन क्रमांक (सेवादात्याने जोडणीच्या रहदारीला लावलेला टॅग), डीएनएस, राखून ठेवलेले आयपी पत्ते, वॅन पोर्टचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा ओळखक्रमांक). पासवर्ड पानावर ठिपक्यांत दिसतो, तो सेवादात्याकडून आधीच मागवलेला बरा. व्हीलॅन टॅग सगळीकडे नसतो, पण असेल आणि भरला नाही तर पीपीपीओई नुसते शोधत बसते, चूकही सांगत नाही.

इथेही पहिल्यांदा लॉगिन झाले नाही. कारण दोन असतात: जुने सत्र सेवादात्याच्या बाजूला अजून उघडे, किंवा जोडणी जुन्या मॅकला बांधलेली. ओएनटी पाच मिनिटे बंद ठेवून सुरू केले तरी तेच, म्हणून जुन्या राऊटरचा मॅक क्लोन केला आणि लगेच लागले. नवा मॅक सेवादात्याकडे नोंदवून क्लोन नंतर काढायचा आहे.

ओएनटी ब्रिज मोडमध्ये (नुसता पूल) आहे याची खात्री: राऊटरच्या वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर ओएनटीही राऊटरगिरी करतो आहे आणि दुहेरी नॅट (पत्त्यांची अदलाबदल दोनदा) झाले. १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर सेवादात्याचे सीजीनॅट, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता. मग घरचा कॅमेरा बाहेरून उघडण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केले तरी व्यर्थ.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२, कारण पीपीपीओई १५०० मधले ८ बाइट खाते. तपासणी: तुकडे न करण्याच्या अटीवर १४६४ बाइटचे पिंग (हेडर धरून १४९२) जाते, १४६५ चे अडते. हे चुकले तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात.

वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणजे बहुतेक उपकरणे आपोआप जोडली गेली. सुरक्षा डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र. प्रिंटर आणि एक स्मार्ट प्लग मिश्र मोडवर जोडलेच जाईनात, त्यांच्यासाठी २.४ वर फक्त डब्ल्यूपीए२ चे वेगळे गेस्ट नेटवर्क. प्रिंटरसाठी त्यातले आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे) बंद करावे लागले, नाहीतर लॅपटॉपला प्रिंटर दिसत नाही. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद: आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती फुटते, हे २०११ पासून जगजाहीर आहे. बाहेरून ॲडमिन आणि यूपीएनपी (उपकरणांना स्वतःच पोर्ट उघडू देणारी सोय) बंद.

३० जानेवारी : चॅनेल

२.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळा ११. राऊटरने ४० आपोआप लावले होते, शेजारच्या गर्दीत त्याने तोटाच. सात तारखेच्या नोंदीतले २.४ वरचे लटकणे बहुधा यातलेच होते. जुना राऊटर चॅनेल ३ वर ४० रुंदीने बसला होता.

५ वर आधी १६० लावून पाहिले. १६० रुंदीचे नेहमीचे गट डीएफएस (रडारसोबत वाटून घेतलेल्या) चॅनेलांना धरूनच बनतात, म्हणजे रडार ऐकू आले की राऊटरला चॅनेल सोडावे लागते आणि अर्धा तास तिथे परतता येत नाही. नव्या डीएफएस चॅनेलवर बसण्यापूर्वी किमान ६० सेकंद नुसते ऐकायचे. लॉगमध्ये रडारची नोंद आली आणि तेवढ्या वेळात ५ गिगाहर्ट्झ गायब. ३०० च्या जोडणीला १६० चा फायदा शून्य. ८० वर, चॅनेल ३६ ला स्थिर केले.

४ फेब्रुवारी : एसक्यूएम

डाउनलोड २७०, अपलोड २७०, म्हणजे मोजलेल्याच्या साधारण ९० टक्के. केक, ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागे धरलेला जादा भार) ४४ बाइट. अपलोडमध्ये पिंग १८० वरून १२ ते १५ मिलिसेकंदांवर. प्रोसेसरचा एक कोअर साठ टक्क्यांच्या आसपास. वेगचाचणीत आता २६० दिसतात, आणि घरातल्या कोणाला ते जाणवलेले नाही. कॉल तुटत नाही हे मात्र जाणवले.

१५ फेब्रुवारी : अखेरची कामे

अपटाइम बदलाबदलीपासून अखंड, पीपीपीओई एकदा तुटून २० सेकंदांत परत, तेही लॉगनुसार सेवादात्याकडून. कॉन्फिगचा बॅकअप फर्मवेअरच्या आवृत्तीसह नाव देऊन लॅपटॉपवर. पीपीपीओईचा पासवर्ड आणि व्हीलॅन कागदावर, ओएनटीच्या झाकणामागे.

जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून टोकाच्या खोलीत लावावा असा मोह होतो. १०० चे पोर्ट आणि बंद फर्मवेअर, दोन्हीमुळे नको. फॅक्टरी रीसेट करून ई-कचऱ्यात. बदली ॲडॉप्टर ठेवला: नव्या राऊटरचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचाच आहे, प्लगही २.१.

बाकी: मॅक नोंदणी, आणि मे महिन्यात फर्मवेअरची पाहणी.